पावसाच्या आधी आलेला पूर

"ताई, यात पूर आधी आलाय आणि पाऊस नंतर पडलाय."

आमच्याकडे नुकताच लागलेला मुलगा हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, की आधी मला हसूच आलं. मग त्याच्या स्क्रीनवरचा आलेख पाहिला आणि हसू जिरलं. घाटमाथ्यावरचं एक छोटं पाणलोट क्षेत्र. धरणात येणाऱ्या पाण्याची निळी रेघ एका तारखेला उंच चढलेली, आणि पावसाचा सगळ्यात मोठा खांब तिच्या उजवीकडे, दुसऱ्या तारखेला. एकदाच झालं असतं तर मापकावर ठपका ठेवून मोकळे झालो असतो. पण त्या पावसाळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या पुराचं तेच. या आकड्यांवर त्यानं बसवलेलं मॉडेल तर फारच हुशार निघालं होतं. नदी चढली की उद्या पाऊस पडतो, हे ते शिकलं होतं.

कोड बरोबर होता. पाऊस वाचणारं एक फंक्शन, धरणाची आवक वाचणारं दुसरं, आणि दोन्ही तारखेवर जोडणारं तिसरं. तिन्ही मी लिहिलेली, तिन्हींना टेस्ट, तिन्हींना छान लांबलचक डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेला खुलासा. कोणतं आर्ग्युमेंट कशासाठी, परत काय येतं, खाली दोन-दोन उदाहरणं. मी त्याला विचारलं, "हेल्प वाचलंस का?" तो म्हणाला, "तिन्हींचं वाचलं, ताई. दोनदा." आणि खरंच वाचलं होतं. तेच मला लागलं. न वाचणाऱ्यावर रागावता येतं. सगळं वाचूनही ज्याची फसगत झाली त्याला काय म्हणणार?

उलगडा केला तो साहेबांनी. साहेब म्हणजे जलसंपदा खात्यातून निवृत्त होऊन आमच्या छोट्याशा कंपनीत सल्लागार म्हणून येणारे अभियंते. कोडमधलं आपल्याला काही कळत नाही, असं ते सगळ्यांना सांगत असतात. आलेख लांबूनच बघून म्हणाले, "अगं, साडेआठचा पाऊस ना तो? आजच्या तारखेला कालचा पाऊस असतो."

हे काही गुपित नव्हे. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, घड्याळात तेव्हा तीन वाजलेले असतात. त्या वेळी मापकातलं पाणी मोजतात आणि ज्या सकाळी मोजलं त्या दिवसाची तारीख लावतात. पेपरात 'सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत' असं छापून येतं, तो हाच हिशेब. मुंबईकर ज्याला नुसतं 'सव्वीस जुलै' म्हणतात, त्या पावसाचा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. आभाळ फाटलं मंगळवारी दुपारी, नोंद झाली बुधवारची. लोकांच्या आठवणीत एक तारीख, नोंदवहीत दुसरी, आणि दोन्ही खऱ्या.

धरणाची आवक मात्र आम्ही तासातासाच्या नोंदींवरून मध्यरात्र ते मध्यरात्र अशी दिवसावर आणत होतो. घाटातला उतार असा की दुपारी पडलेलं पाणी संध्याकाळी धरणात. म्हणजे आवक सव्वीस तारखेची आणि पाऊस सत्तावीसचा. पूर आधी, पाऊस नंतर.

साहेबांना हे माहीत होतं, मलाही माहीत होतं. ही फंक्शनं जिच्यात आहेत ती लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा कोडचा संच, लिहिताना तर माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की लिहून ठेवावंसं वाटलंच नाही. आणि त्या संध्याकाळी लिहायला बसले तेव्हा कळलं, की लिहायला जागाच नाही.

पाऊस वाचणाऱ्या फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये लिहावं, तर आवक वाचणाऱ्याला ते दिसणार नाही. जोडणाऱ्या फंक्शनमध्ये लिहावं, तर जो आमचं फंक्शन न वापरता पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या तयार लायब्ररीनं थेट जोडतो त्याच्या ते दृष्टीसही पडणार नाही. तिन्हीकडे लिहावं, तर सहा महिन्यांत तिन्हीकडे तीन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतील, हे मी अनुभवानं सांगते. पावसाचा दिवस ही गोष्ट कुठल्याच एका फंक्शनची नव्हती. सगळ्यांची होती, म्हणून कुणाचीच नव्हती. बारभाईची खेती.

आमचा कोड ज्या भाषेत आहे त्या पायथनमध्ये डॉकस्ट्रिंगला घर असतं. फंक्शन, क्लास किंवा मॉड्यूल, यांच्या अगदी पहिल्या ओळीला चिकटून ती राहते. ती कशी लिहावी याचा संकेत पेप २५७ या पायथनच्या संकेतपत्रात २००१ साली लिहिला गेला. त्याच वर्षी हा मजकूर दाखवणारं पायडॉक पायथनसोबत यायला लागलं, आणि हेल्प लिहून कंसात नाव टाकलं की मजकूर समोर. सोय मोठीच. पण या सोयीत एक अट दडलेली आहे, ती मला त्या दिवसापर्यंत दिसली नव्हती. मदत मागायची तर आधी नाव माहीत हवं. ज्याला नाव माहीत आहे त्याचा निम्मा प्रश्न सुटलेलाच असतो. त्या मुलाला 'पावसाचा दिवस' हे शब्दच माहीत नव्हते. त्याच्यापाशी होता फक्त एक उलटा आलेख.

मला आठवण झाली आकड्यांचे तक्ते हाताळणाऱ्या नमपाय या लायब्ररीची. शिकत होते तेव्हा नमपायच्या आत डॉक नावाचं एक पॅकेज असायचं. त्यातल्या मॉड्यूलमध्ये कामाचा कोड एका ओळीचाही नाही, नुसती भली मोठी डॉकस्ट्रिंग. ब्रॉडकास्टिंग, इंडेक्सिंग, बाइटस्वॉपिंग, सबक्लासिंग, अशी एकेका विषयाची मॉड्यूलं, आणि पॅकेजच्या माथ्यावर त्यांची यादी: हे विषय उपलब्ध आहेत, हेल्पला त्यांचं नाव द्या. इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये बसून मी ब्रॉडकास्टिंग तिथंच वाचलं.

आणि ब्रॉडकास्टिंग, म्हणजे वेगवेगळ्या आकारांचे तक्ते एकमेकांशी जुळवण्याचा नियम, हे या जातीच्या ज्ञानाचं अगदी नमुनेदार उदाहरण. समजा तुमच्यापाशी ३६५ दिवस आणि ४० केंद्रं असा पावसाचा तक्ता आहे. त्याला ४० आकड्यांच्या यादीनं गुणलं तर बिनतक्रार गुणाकार होतो, प्रत्येक केंद्राला त्याचा आकडा लागतो. ३६५ आकड्यांच्या यादीनं गुणायला गेलात तर एरर. कारण नमपाय दोन्ही आकार उजवीकडून जुळवत येतं. प्रत्येक जोडीत आकडे सारखे असावे लागतात, नाहीतर एक तरी १ असावा लागतो. ४० शी ३६५ जुळत नाही. तीच यादी ३६५ बाय १ अशी उभी करून दिली की जुळते. आता हा नियम गुणाकाराच्या डॉकस्ट्रिंगमध्ये लिहायचा की बेरजेच्या? की 'पेक्षा मोठे' या तुलनेच्या? तो सगळ्यांना लागू आहे. म्हणून त्याला स्वतःची खोली दिली होती.

त्या एररची एक गंमत मला नंतर कळली. 'हे आकार एकत्र ब्रॉडकास्ट होऊ शकत नाहीत' असं तो एरर सांगतो. म्हणजे जो शब्द तुम्हाला ठाऊक नव्हता, नेमका तोच हातात ठेवतो. शब्द मिळाला की दार सापडतं.

पुढे २०२० च्या सुमारास नमपायनं यातली बहुतेक प्रकरणं पॅकेजमधून काढून मॅन्युअलच्या पानांत हलवली. मला वाईट वाटलं, पण कारण समजण्यासारखं आहे. पायथनच्या तिहेरी अवतरणांत आकृती टाकता येत नाही, आणि ब्रॉडकास्टिंग आकृतीशिवाय समजावणं म्हणजे फोनवरून रांगोळी शिकवणं. पायथननं स्वतः मधला मार्ग काढलाय. हेल्पला 'टॉपिक्स' असं सांगून बघा. कॅपिटल अक्षरांतली एक भलीमोठी यादी येते, त्यात ऑपरेटर आहेत, फॉरमॅटिंग आहे, कशाला खरं मानायचं त्याचे नियम आहेत. तो मजकूर मुळात मॅन्युअलमध्येच लिहिला जातो आणि तिथून स्फिंक्स हे मॅन्युअल तयार करणारं साधन त्याची एक फाइल काढून पायथनच्या पोटात ठेवतं. एकदा लिहायचं, दोन जागी वाचायचं.

दुनियेत हा प्रश्न सगळ्यांना पडलेला दिसतो. गो भाषेच्या हेल्पमध्ये कमांड संपल्या की खाली 'आणखी विषय' अशी वेगळी यादी असते. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात संकल्पनांची मार्गदर्शक पानं आहेत, चक्क शब्दार्थांचं एक पानही आहे. पॉवरशेलमध्ये 'अबाऊट' नं सुरू होणारे लेख. रस्ट भाषेचा कंपायलर एररला नंबर देतो आणि त्या नंबराचा खुलासा तुम्ही कंपायलरलाच विचारू शकता. मला यातलं रस्टचं सगळ्यात आवडतं, कारण माणूस अडतो नेमका तिथंच ते बसलेलं असतं.

पण माझं खरं प्रेम आहे ते युनिक्सच्या मॅन्युअलमधल्या सातव्या विभागावर. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मधलं. त्यात कमांडचा एक विभाग, सिस्टिम कॉलचा दुसरा, असं करत करत सातवा विभाग होता संकीर्ण. ज्याला कुठंच जागा नाही ते तिथं. आजही लिनक्सवर मॅन ही मॅन्युअल उघडणारी कमांड लिहून सात आकडा देऊन आस्की किंवा सिग्नल मागा, एकही कमांड नसलेलं पान उघडेल, नुसतं ज्ञान.

हे सगळं मी साहेबांना सांगत होते, थोडी उत्साहाच्या भरात, तर ते म्हणाले, "म्हणजे अमरासारखं."

त्यांच्या आजोबांना अमरकोश पाठ होता. मला अमरकोश म्हणजे शब्दकोश, एवढंच माहीत. शब्दकोश म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे 'अ' पासूनची रांग येते. साहेब म्हणाले, तसं नाहीच ते. पहिल्या कांडात स्वर्गवर्ग, व्योमवर्ग, दिग्वर्ग, कालवर्ग. शेवटी वारिवर्ग, त्यात पाणी, नदी, विहीर, मासे, नाव सगळं एका ठिकाणी. दुसऱ्या कांडात भूमी, नगर, पर्वत, वनौषधी. पाण्याला किती शब्द आहेत असं मनात आलं, की शब्द माहीत नसले तरी जायचं कुठं ते माहीत असतं. तिसऱ्या कांडात मात्र उरलंसुरलं. त्यात नानार्थवर्ग आहे, ज्यात एका शब्दाचे अनेक अर्थ दिलेत, तो शेवटच्या अक्षराप्रमाणे लावलाय. आणि त्याच कांडात एक वर्ग आहे, त्याचं नाव संकीर्णवर्ग.

मी साहेबांकडे बघतच राहिले. सातवा विभाग!

आपल्याकडे हा पेच आणखी एकानं फार मोठ्या प्रमाणावर अनुभवलाय. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत. ज्ञानकोश म्हटल्यावर अकारविल्हे नोंदी हव्यात, आणि त्या आहेतही, पण सहाव्या खंडापासून. आधीचे पाच प्रस्तावनाखंड विषयवार: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. पुढच्या शेकडो सुट्या नोंदी ज्या भिंतीला टेकून उभ्या राहणार, ती भिंत आधी बांधलेली. बाविसावा खंड पुन्हा नुसती सूची. घरात जागा नाही म्हणून हे खंड माझ्याकडे नाहीत, पण एका ग्रंथालयात त्यांच्या पाठी एका रांगेत बघितल्या आहेत, आणि आता मला ती रांग एखाद्या लायब्ररीच्या फोल्डरसारखी दिसते. आमच्या लायब्ररीत सहापासून एकविसापर्यंतचे खंड होते. पहिले पाच नव्हते.

तर मी ते लिहायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न फसला, आणि फसण्याचं कारण इतकं साधं होतं की सांगायला लाज वाटते. मी सहा टॉपिक, म्हणजे एकेका विषयावरचे छोटे लेख, साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिले, पॅकेजच्या आत एका फोल्डरमध्ये ठेवले, आणि त्या वाचून दाखवणारं चार ओळींचं फंक्शन लिहिलं. माझ्या लॅपटॉपवर झकास. लायब्ररीची नवी आवृत्ती व्हीलमध्ये, म्हणजे पायथनच्या तयार गठ्ठ्यात, बांधून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिघांचे निरोप: फाइल सापडत नाही. आम्ही वापरतो त्या साधनानं पायथनचं पॅकेज बांधताना कोडच्या फाइली आपोआप जातात, इतर फाइली 'याही घ्या' असं सांगितल्याशिवाय जात नाहीत. सगळ्या कोडनं गाडी पकडली आणि मजकूर फलाटावर राहिला. नमपायवाल्यांनी रिकाम्या मॉड्यूलमध्ये नुसती डॉकस्ट्रिंग का ठेवली असेल, ते मला तेव्हा वेगळ्याच अर्थानं उमगलं. कोडच्या वेशात गेलेला मजकूर मागे राहत नाही.

त्यालाही एक फट आहेच. पायथन '-ओओ' हा पर्याय देऊन चालवलं तर जागा वाचवण्यासाठी डॉकस्ट्रिंग गाळून टाकल्या जातात, आणि मग टॉपिक मागितला की हातात येतो 'नन', म्हणजे काहीच नाही. आमच्या एका सर्व्हरवर तसंच चालायचं. सर्व्हरवर बसून हेल्प कोण वाचतो, असं म्हणून मी ते सोडून दिलं. एकदा अपरात्री तो कोण मीच निघाले, पण ते असो.

नावांचा प्रश्न जास्त अवघड निघाला. पावसाच्या दिवसाबद्दलच्या टॉपिकला मी आधी 'टेम्पोरल अलाइनमेंट' असं भारदस्त नाव दिलं होतं. दोन महिन्यांत तो कुणीही उघडला नाही. उघडणार कसा? हे नाव ज्याला सुचेल त्याला तो वाचायची गरजच नाही. मी त्या मुलाला विचारलं, "त्या दिवशी तू काय शोधलं असतंस?" तो म्हणाला, "तारीख. तारीख पुढे का जाते." मग आम्ही प्रत्येक टॉपिकला चार-पाच बोली नावं जोडली: तारीख, साडेआठ, एक दिवस पुढे, पूर आधी. आणि चुकीचं नाव टाकलं तर पायथनच्याच डिफलिबमधलं जवळची जुळणी शोधणारं फंक्शन वापरून 'तुम्हाला हे म्हणायचंय का' असं विचारायची सोय केली. यातला 'पूर आधी' हा शब्द मी आग्रहानं ठेवला. अजून कुणी तो वापरलेला नाही. असू दे.

सगळ्यात उपयोगाची ठरली ती तीनच ओळींची गोष्ट. जोडणाऱ्या फंक्शनला दोन वेगवेगळ्या प्रकारचे दिवस दिले की ते आता थांबतं आणि म्हणतं: पावसाचा दिवस साडेआठला संपतो, आवकेचा मध्यरात्री, कसं जोडायचं ते सांगा, 'तारीख' हा टॉपिक पाहा. टॉपिकांची यादी कितीही सुबक केली तरी तिच्याकडे माणूस आपण होऊन जात नाही. अडलेल्या माणसाच्या हाती चिठ्ठी द्यावी लागते.

टॉपिकमधली उदाहरणं मी डॉकटेस्टमध्ये घातली. पायथनच्या प्रॉम्प्टवर दिसेल तसं उदाहरण लिहायचं, खाली उत्तर लिहायचं. टेस्ट चालताना ते उदाहरण खरोखर चालवून उत्तर ताडून बघितलं जातं. एका शुक्रवारी कुणीतरी रिकाम्या नोंदींचा डिफॉल्ट बदलला. कोडच्या सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि लाल झाला तो 'रिकाम्या नोंदी' हा टॉपिक. हवामान खात्याच्या चौकटीवार पावसाच्या फाइलींत जिथं आकडा नाही तिथं उणे ९९९ असतं. ते 'नोंद नाही' असं न वाचता पाऊस म्हणून बेरजेत गेलं, तर कोकणाचं वाळवंट व्हायला वेळ लागत नाही. एका लेखानं कोडची चूक पकडावी याचं मला आजही अप्रूप आहे.

पण कोडच्या चुका पकडायला टेस्टही लागत नाही, लिहायला बसणं पुरतं. जोडणीचा टॉपिक लिहिताना माझा दुसरा परिच्छेद असा झाला होता: पाऊस हवामान खात्याचा असेल तर तारीख एक दिवस मागे घेतली जाते, मात्र नावाच्या रकान्यात केंद्राचा क्रमांक असेल तर घेतली जात नाही, मात्र तासाच्या नोंदी असतील तर घेतली जाते, मात्र साडेआठच्या आधीच्याच. तीन 'मात्र'. मी तो परिच्छेद चार वेळा सुधारला. पाचव्यांदा लक्षात आलं की मराठी, इंग्रजी, कुठल्याही भाषेत हे सुधारणार नाही, कारण वाकडं वाक्य नाहीये, वाकडं फंक्शन आहे. वेगवेगळ्या पावसाळ्यांत वेगवेगळ्या घाईत त्यात एकेक 'मात्र' घुसलेला. मी अंदाज बांधणारा तो सगळा भाग काढून टाकला; दिवस कधी संपतो ते आता वापरणाऱ्यानंच सांगायचं. परिच्छेद दोन वाक्यांचा झाला. फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये हा गुंता कधीच दिसला नसता, कारण डॉकस्ट्रिंग रकाने भरायला सांगते. रकान्यात 'मात्र' खपून जातो. गोष्ट सांगायला बसलं की खपत नाही.

भाषेवरून एकदा वाद झाला. टॉपिक इंग्रजीत होते. आमची लायब्ररी वापरणारे दोघं-तिघं जिल्ह्याच्या गावी बसून काम करतात. त्यातल्या एकानं विचारलं, मराठीत का नाही? खरंच, का नाही? पायथन ३ ची फाइल युटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या, पद्धतीतलीच मानली जाते, देवनागरी डॉकस्ट्रिंग लिहायला काहीच आडकाठी नाही. मी 'तारीख' मराठीत लिहिला, आणि कबूल करते की इंग्रजीपेक्षा बरा झाला. 'आजच्या तारखेला कालचा पाऊस' हे साहेबांचं वाक्य मला इंग्रजीत कधी जमलंच नव्हतं. पण त्या बिचाऱ्यानं टर्मिनलवर उघडला तर वेलांट्या एकीकडे, जोडाक्षरं दुसरीकडे, रफार तर कुणाच्या डोक्यावर बसलाय तेच कळेना. शेवटी त्यानं तो ब्राउझरमध्ये उघडला, पायडॉकला तशी सोय आहे. बाकीचे पाच अजून इंग्रजीतच आहेत. यात टर्मिनलचा दोष अर्धा, उरलेला माझ्या आळसाचा.

हे सगळं विकीवर का नाही लिहिलंत, असं आमच्या व्यवस्थापकांनी विचारलं होतं. विकीवर होतं. तीन वर्षांपूर्वीचं, तेव्हाच्या लायब्ररीबद्दल. एका धरणावरच्या कार्यालयात आमची जुनी आवृत्ती चालते, ती बदलायला ते तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. विकीवर एकच पान असतं, ते आजचं तरी असतं नाहीतर कालचं. लायब्ररीच्या पोटातला टॉपिक त्या त्या आवृत्तीबरोबर जातो. जुन्या कोडला जुना खुलासा, नव्याला नवा. शिवाय त्या कार्यालयात पावसाळ्यात नेट जातं. म्हणजे नेमकं जेव्हा पुराचे आकडे बघायचे असतात तेव्हा.

गेल्या जूनमध्ये एका स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदी जोडायचं काम माझ्याकडे आलं. दर पंधरा मिनिटांचा पाऊस. मला दिवसाचा हवा होता, साडेआठ ते साडेआठ. पांडाजच्या रिसँपल या, नोंदी दिवसावर आणणाऱ्या, फंक्शनमध्ये दिवसाची हद्द उजवीकडून बंद करायची की डावीकडून, आणि तारखेची चिठ्ठी कुठल्या टोकाला लावायची, हे मी दरवेळी विसरते. म्हणून स्वतःच लिहिलेला 'तारीख' उघडला. वाचत खाली आले, तर शेवटी मी न लिहिलेला एक परिच्छेद. तो मुलगा आता मुलगा राहिलेला नाही, दुसऱ्या गटाचं काम बघतो. त्यानं कधीतरी भर घातली होती.

'स्वयंचलित केंद्रांच्या नोंदींची वेळ कधी यूटीसीत असते, कधी भारतीय प्रमाणवेळेत. फाइलीवर लिहिलेलं असेलच असं नाही. साडेपाच तासांचा फरक आलेखात पटकन दिसत नाही. आधी केंद्रावर विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.'

मी फाइल पुन्हा उघडून बघितली. वेळेच्या रकान्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. केंद्राचा नंबर शोधून फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडून कुणीतरी उचलला. मी म्हटलं, तुमच्या नोंदी कुठल्या वेळेत असतात, यूटीसी की आपली?

"थांबा हं मॅडम," पलीकडून आवाज आला, "घड्याळ बघून सांगतो."